लाळेचा हिशेब



तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावरचे किरणोपचार संपले की रुग्णाच्या हाती एक कागद येतो. गाठ कुठे होती, शस्त्रक्रिया कोणती झाली, किती सिटिंग दिली, पुढची तपासणी कधी, हे सगळे त्यावर असते. रुग्ण घरी येतो, जेवायला बसतो, आणि भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरत राहतो. तो भिजत नाही, त्याचा घास होत नाही, पाण्याचा घोट घेऊन तो खाली ढकलावा लागतो. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते. दोन-चार वाक्ये सलग बोलली की तोंडाला कोरड पडते. कागदाच्या लेखी हा माणूस बरा झालेला असतो, आणि कर्करोगापुरते पाहिले तर ते खरेही असते. आज मला मांडायचे आहे ते असे, की त्या कागदावर लाळेचाही हिशेब असायला हवा. लाळग्रंथींचा विचार बहुधा उपचार संपल्यावर, तक्रार सुरू झाल्यावर होतो. तो पहिल्या सिटिंगच्या आधी व्हायला हवा, आणि त्यासाठी लागणारा पुरावा आपल्याच राज्यात, मुंबईत, तयार झालेला आहे.

वैद्यकीय परिषदेत शोभेल असा हा विषय या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या परिसरातच आहे. २०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असावेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. देशातल्या पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. धूम्रपान करणारे त्या मानाने फार कमी, ६ टक्के. आपल्याकडचे व्यसन आहे ते चुन्यात मळलेल्या चिमटीचे, मावा-गुटख्याचे, आणि बायकांच्या बाबतीत दातांना लावायच्या मशेरीचे. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळीत झोप मारायला आणि जेवणाची सुट्टी लांबली की भूक मारायला तंबाखूची गोळी गालात धरली जाते. ती जिथे तासन्‌तास राहते तिथेच, गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत, आपल्याकडचे पुष्कळ कर्करोग उगवतात. युरोप-अमेरिकेत आता टॉन्सिलचे आणि जिभेच्या मुळाचे, विषाणूमुळे होणारे कर्करोग वाढले आहेत. जागेचा हा फरक माझ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. त्याकडे मी पुढे येतोच.

आधी लाळेबद्दल. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणी असते, पण उरलेला एक टक्का फार कामाचा असतो. जेवणानंतर तोंडात तयार होणारे आम्ल बायकार्बोनेटमुळे मारले जाते. दाताच्या कवचातून झिजून गेलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेतूनच पुन्हा भरून येते. जंतूंना आवर घालणारी प्रथिने तिच्यात असतात, आणि म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ घासाला आणि गालाच्या आतल्या त्वचेला वंगण पुरवतो. चवीचे कणसुद्धा लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाहीत. ही लाळ मुख्यतः तीन जोड्यांमधून येते. सर्वांत मोठी जोडी कानाच्या पुढे-खाली असते. गालगुंड होतात तेव्हा सुजते ती हीच. दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूमध्ये शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. जेवताना जी पातळ लाळ सुटते तिचा मोठा वाटा कानाजवळच्या ग्रंथींचा. एरवी दिवसभर आणि रात्री तोंड ओले ठेवणारी दाट लाळ मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथींतून येते. म्हणूनच एकाच रुग्णाला जेवताना एक त्रास आणि झोपेत दुसरा त्रास होतो. दोन्हींचे उगम वेगळे आहेत.

किरणांचा या ग्रंथींवर होणारा परिणाम हे शास्त्रातले एक जुने कोडे आहे. १९०६ साली बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी एक नियम सांगितला: ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरण लवकर मारतात, आणि ज्या संथ व पूर्ण वाढलेल्या असतात त्या चिवट राहतात. कर्करोगावर किरणांचा उपयोग का होतो, हे समजायला हा नियम आजही उपयोगी पडतो. लाळ तयार करणाऱ्या पेशी संथ विभागणाऱ्या आहेत. नियमाने त्या टिकायला हव्यात. प्रत्यक्षात उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात, जेमतेम १० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा गेलेली असताना, लाळ जवळपास निम्म्यावर येते. एवढ्या लवकर पेशी मेलेल्या नसतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलेले स्पष्टीकरण असे, की सुरुवातीला पेशीच्या आवरणाला इजा होते. मज्जातंतूकडून आलेला ‘लाळ सोड’ हा निरोप आत पोचतो, पण त्यावर पाणी बाहेर काढण्याची क्रिया नीट घडत नाही. पेशी जिवंत असते, काम करत नाही. खरी हानी नंतरची. झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी निर्माण करणाऱ्या मूळपेशी किरणांनी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे महिने उलटतात तशी ग्रंथी आकसते आणि तिच्या जागी तंतुमय ऊतक भरते. या दोन टप्प्यांतला फरक लक्षात घेतला तर एक व्यवहारी गोष्ट कळते: पहिली इजा पूर्ण टाळणे कठीण आहे, पण दुसरी टाळता आली तर एक-दोन वर्षांत लाळ बऱ्यापैकी परत येऊ शकते.

दुसरी इजा किती मात्रेपर्यंत टळते, याचे उत्तर १९९९ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या आयस्ब्रुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. कानाजवळच्या ग्रंथीला पोचणारी सरासरी मात्रा २४ ते २६ ग्रेच्या आत राहिली तर ती सावरते. त्यापलीकडे गेली की सावरणे अवघड होते. २०१० साली जगभरचे असे अभ्यास एकत्र करून जो संकेत ठरला तो असा: दोन्ही ग्रंथी सरासरी २५ ग्रेच्या आत ठेवाव्यात, ते शक्य नसेल तर निदान एक तरी २० ग्रेच्या आत. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. जितकी मात्रा कमी तितकी लाळ जास्त, हे त्यातले सार. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. कर्करोगाची गाठ मारायला ६६ ते ७० ग्रे लागतात, शस्त्रक्रियेनंतर दिले तर साधारण ६०. रोज २ ग्रेप्रमाणे, आठवड्याला पाच दिवस, हा कोर्स सहा-सात आठवडे चालतो. जुन्या पद्धतीत डाव्या आणि उजव्या बाजूने समोरासमोर दोन झोत सोडले जात. मानेच्या वरच्या भागातल्या ज्या लसिकाग्रंथींमध्ये कर्करोग पसरतो त्या नेमक्या कानाखालीच असल्यामुळे लाळेच्या दोन्ही मोठ्या ग्रंथी त्या झोतात पूर्ण सापडत. गाठीची मात्रा आणि ग्रंथीची मात्रा जवळपास सारखीच होई. अशा रुग्णाची लाळ जाणार हे पहिल्या दिवशीच ठरलेले असे.

गेल्या पंचवीस वर्षांत यावर जो उपाय आला त्याला दवाखान्यात आयएमआरटी म्हणतात. सीटी स्कॅनच्या प्रत्येक कापावर डॉक्टर गाठ, लसिकाग्रंथींचे क्षेत्र आणि वाचवायचे अवयव रेखतात. मग संगणक अनेक दिशांच्या झोतांचे बारीक तुकडे करून प्रत्येकाची तीव्रता अशी ठरवतो, की मात्रा गाठीभोवती घट्ट बसावी आणि लाळग्रंथीपाशी झपाट्याने उतरावी. कागदावर हे सुंदर दिसते. रुग्णाला त्याचा खरोखर फायदा होतो का, याची परीक्षा ब्रिटनमध्ये पार्सपोर्ट नावाच्या चाचणीत झाली. घशाच्या कर्करोगाच्या ९४ रुग्णांत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागणी केली गेली. एका वर्षानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीच्या गटात ७४ टक्क्यांना होती, आयएमआरटीच्या गटात ३८ टक्क्यांना. दोन वर्षांनी ते आकडे ८३ आणि २९ झाले. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे टाटा मेमोरियल केंद्रात तेजपाल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवर अशीच चाचणी केली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध केली. तिथे तुलना अधिक कठोर होती, कारण समोरचा गट जुन्या दोन झोतांचा नव्हता. त्यालाही सीटीवर आखलेले त्रिमितीय उपचार मिळाले होते. तरीही उपचारांदरम्यानचा लाळग्रंथींचा ठळक त्रास त्या गटात २८ पैकी २५ जणांना झाला, आयएमआरटीच्या गटात ३२ पैकी १९ जणांना. त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे: आयएमआरटीच्या गटात काळ जाईल तशी लाळ सुधारत गेली. भारतीय रुग्ण, भारतीय केंद्र आणि यादृच्छिक विभागणी असलेला पुरावा हाती असताना, ही चैन परदेशी रुग्णांसाठी आहे असे म्हणायला जागा राहत नाही.

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप इथे येतो. ग्रंथी वाचवायच्या नादात कर्करोगाची पेशी वाचली तर? जीव आधी, लाळ मागाहून, हे म्हणणे कोणीही सहज झटकू नये. दोन्ही चाचण्यांत कर्करोग आटोक्यात राहण्यात किंवा आयुर्मानात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. पण ६० किंवा ९४ रुग्णांच्या चाचण्या जगण्यातला छोटा फरक पकडण्यासाठी आखलेल्या नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून मी जे मांडतो आहे त्याला मर्यादा आहे: कानाखालच्या लसिकाग्रंथीत रोग पोचलेला असेल, तर त्या बाजूची लाळग्रंथी वाचवण्याचा आग्रह धरू नये. तिथे गाठीलाच मान द्यायचा. मात्र एका बाजूला रोग आहे म्हणून दुसरी बाजूही सोडून द्यायची, हा त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. आयएमआरटीचीही किंमत आहे. पार्सपोर्टमध्ये उपचारांच्या काळात थकवा आयएमआरटीच्या गटात अधिक होता, ७४ टक्के विरुद्ध ४१ टक्के. अनेक दिशांनी झोत सोडले की एरवी सुटणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागालाही थोडी मात्रा जाते, असे त्याचे कारण पुढे सुचवले गेले. किरण एका जागेवरून हटवले की ते दुसरीकडे जातात, नाहीसे होत नाहीत. ही जाण ठेवूनही मला वाटते की काही आठवड्यांचा थकवा आणि जन्मभराची कोरड यांत निवड करणे अवघड नाही.

आता आपल्या रोगाकडे. वर ज्या चाचण्या सांगितल्या त्या मुख्यतः घसा आणि स्वरयंत्राच्या भागातल्या कर्करोगांच्या. ते मध्यरेषेच्या जवळ असतात, त्यांचा प्रसार मानेच्या दोन्ही बाजूंना होऊ शकतो, म्हणून किरणही दोन्ही बाजूंना द्यावे लागतात. गालाचा कर्करोग वेगळा. तो एका कुशीला असतो. आपल्याकडे त्यावर सहसा आधी शस्त्रक्रिया होते आणि गरज असेल तर नंतर किरण. मध्यरेषेपासून दूर असलेल्या, दुसऱ्या बाजूच्या मानेत पसरण्याची शक्यता कमी असलेल्या निवडक रुग्णांत किरण रोगाच्या बाजूलाच देणे पुरते. तसे झाले तर पलीकडच्या कानाजवळची ग्रंथी जवळपास अस्पर्श राहते, आणि हे साधायला अतिप्रगत यंत्र लागतेच असे नाही. नीट आखलेले, रोगाच्या बाजूनेच दिलेले साधे झोतही ते काम करतात. म्हणजे जगात ज्या गोष्टीसाठी गुंतागुंतीचे तंत्र शोधावे लागले, ती आपल्या पुष्कळ रुग्णांत रोगाच्या जागेमुळेच आवाक्यात आलेली आहे. अर्थात जिभेचा मध्यभाग, तोंडाचा तळ, किंवा मध्यरेषा ओलांडलेला रोग असेल तर हा मार्ग बंद असतो, आणि कोणत्या रुग्णात तो खुला आहे हे ठरवणे सर्वस्वी तज्ज्ञांचे काम आहे. पण तो विचार झाला का, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाचा आहे.

त्यात आणखी एक पदर आहे, आणि तोही मुंबईच्याच कामातून पुढे आला. तोंडाचा कर्करोग लहान असताना, मानेत गाठ लागत नसतानाही मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, हा वाद अनेक दशके चालला होता. २०१५ साली टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तो निकालात काढला: आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. तेव्हापासून मानेची शस्त्रक्रिया सोबत करणे अधिक पक्क्या पायावर आले, आणि ते योग्यच झाले. या शस्त्रक्रियेत त्या बाजूची जबड्याखालची लाळग्रंथीही लसिकाग्रंथींसोबत निघते. तेव्हा आपला रुग्ण किरणोपचाराच्या टेबलावर येतो तोच एक महत्त्वाची ग्रंथी गमावून. कानाजवळच्या दोन आणि जबड्याखालची एक अशा उरलेल्या तीन ग्रंथींचे मोल त्यामुळे वाढते. परदेशी मार्गदर्शिका या चारही ग्रंथी शाबूत आहेत असे धरून चालत असतील, तर आपल्या आखणीत त्याहून अधिक काटेकोरपणा हवा. विशेषतः दुसऱ्या बाजूची जबड्याखालची ग्रंथी, जिच्यावर रात्रीची झोप अवलंबून असते.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि गर्दीचा. आयएमआरटीच्या एका रुग्णाची आखणी करायला डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ यांचे कित्येक तास जातात. बाहेर रांग लागलेली असताना एकाच्या लाळेसाठी दुसऱ्याचा उपचार लांबवायचा का? कर्करोगात उशीर म्हणजे जीवाशी गाठ, हे खरेच. भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वदेशी बनावटीचे भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र विकसित केले आणि २००५ साली त्यातले पहिले खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात बसले, ते याच गरजेपोटी: कमी खर्चात, अधिक ठिकाणी, अधिक लोकांना किरण मिळावेत. त्या यंत्राला कमी लेखणे मला मान्य नाही. पण हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो, की लाळ वाचवणे म्हणजे आयएमआरटीच. आत्ताच आपण पाहिले की एकाच बाजूच्या रोगात ती साध्या आखणीनेही वाचते. मग महागडे तंत्र ज्यांना खरोखर दोन्ही बाजूंना किरण लागतात त्यांच्यासाठी राखता येते. शिवाय खर्चाचा हिशेब फक्त कोर्सपुरता मांडला जातो, तिथेच तो चुकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत किरणोपचाराचा खर्च निघतो. लाळ गेल्यावर वर्षानुवर्षे दातांवर होणारा खर्च, कामावर पडलेले खाडे, घटलेले वजन, हे सगळे घराच्या खात्यावर पडते आणि कोणत्याही पॅकेजमध्ये दिसत नाही.

दातांबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण उपचारांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. लाळ नसलेल्या तोंडात दात एरवीसारखे किडत नाहीत. कीड हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी सुरू होते, दाताला गोल वेढा घालते आणि काही महिन्यांत अख्खा दात मोडून पडतो. मग तो काढायला जावे तर दुसरे संकट उभे राहते. जास्त मात्रा मिळालेल्या खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. तिथली जखम भरत नाही, हाड उघडे पडते, सडते, आणि काही रुग्णांत जबड्याचा तुकडा काढण्यापर्यंत वेळ येते. कर्करोगातून सुटलेला माणूस किडक्या दातापायी जबडा गमावतो. हे बऱ्याच अंशी टाळता येते. किरण सुरू होण्याआधी दंतवैद्याने तपासणे, वाचू न शकणारे दात आधीच काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे देणे, आणि त्यानंतर आयुष्यभर रोज फ्लोराइड वापरणे, एवढे ते काम. कोणताही दात काढण्याआधी ‘मला जबड्यावर किरण मिळाले आहेत’ हे दंतवैद्याला सांगणेही त्यातच आले. सुपारीमुळे तोंड आधीच आखडलेले असेल तर ब्रशसुद्धा मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, आणि आपल्या भागात असे रुग्ण थोडे नाहीत. त्यांची देखभाल अधिक लवकर आणि अधिक चिकाटीने व्हायला हवी.

तिसरे म्हणणे असे, की एवढा खटाटोप कशाला, कोरड पडली तर औषध देता येते. औषधे आहेत. ब्राझीलमधल्या जाबोरांडी या झुडपातून मिळणाऱ्या पायलोकार्पिनला अमेरिकेत १९९४ साली याच कारणासाठी मान्यता मिळाली. ते उरलेल्या पेशींना चेतवते. उरलेल्या, हे महत्त्वाचे. ग्रंथी पूर्ण नष्ट झाली असेल तर चेतवायला काही नसते. घाम फार सुटतो, आणि दमा आटोक्यात नसलेल्यांना ते देता येत नाही. अमिफोस्टिन नावाचे औषध किरणांच्या आधी शिरेतून देत. पण रोज सुई, मळमळ आणि रक्तदाब खाली जाणे यांमुळे ते मागे पडले. कॅनडात सेकली आणि झा यांनी जबड्याखालची ग्रंथी किरणांच्या वाटेतून हनुवटीखाली सरकवण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. ती निवडक रुग्णांपुरती. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की कानाजवळच्या ग्रंथीतल्या मूळपेशी मोठ्या नलिकांच्या आसपास एकवटलेल्या असतात. तेवढाच भाग वाचवून पाहणारी त्यांची पुढची चाचणी मात्र अपेक्षित फरक दाखवू शकली नाही. कृत्रिम लाळेचे फवारे तासभर आराम देतात. यांतले काहीही ग्रंथी वाचवण्याला पर्याय ठरत नाही.

चौथा आक्षेप सभेत कोणी मांडत नाही, पण कुजबुजीत ऐकू येतो: तंबाखू स्वतः खाल्ली, मग आता तोंड कोरडे पडले तर तक्रार कसली? हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. लहानपणी मशेरीच्या डब्यात बोट घालायला घरातच शिकलेली बाई किंवा रात्रपाळीत जागे राहण्यासाठी सोबत्याकडून पहिली चिमूट घेतलेला विशीतला मुलगा यांनी मोकळेपणी केलेली ही निवड नव्हे. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू आणि सुपारीच्या वेगवेगळ्या पुड्या टपरीवर मिळतच राहिल्या. ते विष बाजारात राहू देण्यात समाजाचाही वाटा आहे. आणि वैद्यकाचे काम दोष वाटण्याचे नाही. भरधाव गाडी चालवून हाड मोडून घेतलेल्याचे हाड आपण वाकडे जुळवत नाही. तंबाखू सोडायला मदत करणे मात्र उपचाराचाच भाग आहे, कारण ती चालू राहिली तर नवा कर्करोग होण्याचा धोका राहतो आणि कोरड्या तोंडाला तिचा दाह दुप्पट होतो.

या औद्योगिक पट्ट्यासाठी कामाचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडायला हवा. किरण संपले की माणसाने कामावर रुजू व्हावे अशी घराची आणि कारखान्याची अपेक्षा असते. लाळ नसलेल्या माणसाला यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलता येत नाही, धुळीत आणि भट्टीजवळ तोंड सोलवटते, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी लागते, कँटीनची चपाती-उसळ अर्ध्या तासाच्या सुट्टीत संपत नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या नियमांत कर्करोगासारख्या दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे, वेतनाच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. पण त्याला किमान दोन वर्षे सलग विमापात्र नोकरीची अट आहे. ठेकेदार बदलला की नोंद तुटणाऱ्या कंत्राटी कामगाराला ही अट नेमकी नडते. पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची मुभा, मऊ जेवण, जेवायला थोडा जास्त वेळ, धुळीपासून दूरची जागा, यांसाठी कायदा बदलावा लागत नाही. कामगार संघटनांनी हे मागण्यांच्या यादीत घालावे, असे मी या व्यासपीठावरून सुचवतो.

मोजमापाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तिथूनच सुरुवात होऊ शकते. लाळ मोजायला यंत्र लागत नाही. रुग्णाने ताठ बसायचे, न चघळता पाच मिनिटे तोंडात जमणारी लाळ खुणा केलेल्या कपात सोडायची. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर तोंड वैद्यकीय अर्थाने कोरडे. उपचाराआधी एकदा, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयापासून छोट्या दंतचिकित्सालयापर्यंत कुठेही हे करता येईल. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही, आणि आज लाळेचे तसे झाले आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना माझी विनंती आहे. किरणांच्या आखणीसाठी चेहऱ्याचा मास्क बनवण्याआधी डॉक्टरांना विचारा: किरण एका बाजूला पुरतील का, की दोन्ही बाजूंना लागतील? कानाजवळच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींना सरासरी किती ग्रे जातील? दात कोण तपासणार, आणि कधी? उत्तरे लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे दात काढायची वेळ आली की दंतवैद्याला तोच दाखवायचा आहे.